पाटी एका तोंडाला, टॅग भलत्याच दिशेला: एकेरी बंदी आणि चुकणारे मार्ग

ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही संपादित करता येणाऱ्या नकाशावर पुन्हा पुन्हा येणारी तक्रार अशी: गल्लीच्या एका तोंडाला प्रवेश बंदची पाटी आहे, टॅगही (नकाशातल्या रेघेला जोडलेली नियमाची नोंद) लावला आहे, तरी मार्ग त्याच तोंडातून आत घुसवतो. किंवा नेमके उलटे: बंदी फक्त आत शिरायला आहे, पण टॅग लावल्यापासून आतल्या घरांना बाहेरच पडता येत नाही, किंवा समोर दिसणाऱ्या दुकानापर्यंत दोन किलोमीटरचा वळसा दाखवला जातो. बहुतेक वेळा दोष मार्ग काढणाऱ्या इंजिनाचा नसतो. बंदी रस्त्याला नसते, एका बाजूने शिरण्याला असते, आणि टॅग लावताना ही गोष्ट निसटलेली असते.

आधी लिपीबद्दल. खाली टॅग उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. नकाशात भरताना ते इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच भरायचे. अपवाद वारांच्या दोन अक्षरी खुणांचा: त्यांचे पहिले अक्षर मोठे. अंडरस्कोर आणि अपूर्णविराम जसेच्या तसे, मध्ये जागा सोडायची नाही.

दिशा म्हणजे कोणाची दिशा?

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. फॉरवर्ड म्हणजे उत्तरेकडे नव्हे, गावाबाहेर जाताना नव्हे, रस्त्याची डावी बाजूही नव्हे. नकाशात ती रेघ ज्या क्रमाने काढली गेली, पहिल्या नोडपासून (रेघेवरच्या बिंदूपासून) शेवटच्या नोडपर्यंत, ती दिशा फॉरवर्ड. तिच्या उलट बॅकवर्ड. वीस वर्षांपूर्वी कोणी रेघ कुठल्या टोकापासून ओढायला घेतली, यावर सगळे अवलंबून आहे.

जोसम या नकाशा-संपादकात रेघ निवडली की तिच्यावर बाण दिसतात. आयडी या ब्राउझरमधल्या संपादकात दुहेरी रस्त्याची दिशा कळत नसेल तर घटकाभर वनवे=येस (एकेरी रस्ता) लावा, बाण पाहा आणि अनडू करा. जतन करण्याआधी अनडू केल्याची खात्री करा, नाहीतर निदान करता करता रोगी जायचा. तिसरा उपाय म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर त्या रेघेचे पान उघडणे. तिथली नोडांची यादी क्रमानेच असते.

उदाहरणासाठी एक गल्ली घेऊ. दक्षिणेला मोठ्या रस्त्यावर तिचे तोंड क, उत्तरेला दुसरे तोंड ख, आणि मध्ये ग या जागी एक बोळ येऊन मिळतो. पाटी क पाशी आहे आणि मोठ्या रस्त्यावरून आत वळणाऱ्याला दिसते. समजा रेघ ख पासून क कडे काढलेली आहे. म्हणजे क मधून आत शिरणारा माणूस रेघेच्या उलट चालला आहे, आणि बंदी बॅकवर्ड आहे. पाटी गल्लीच्या «सुरुवातीला» आहे म्हणून फॉरवर्ड लिहिणारे इथेच फसतात. गल्लीची सुरुवात तुमच्या डोळ्यांना जिथे दिसते, तिथेच नकाशालाही दिसेल असे नाही.

पाटी काय म्हणते ते आधी वाचा

लाल चकतीवर आडवा पांढरा पट्टा, म्हणजे प्रवेश बंद, हा सर्व वाहनांना लागू असतो, सायकलसकट. त्यासाठी:

व्हेइकल:बॅकवर्ड=नो

इथे ॲक्सेस:बॅकवर्ड=नो लिहिण्याची चूक फार होते. ॲक्सेस ही सगळ्यांत वरची पायरी आहे, तिच्यात पादचारीही येतात. मग पायी मार्ग काढणाऱ्याला त्या तोंडातून आत जाऊ दिले जात नाही, आणि रिक्षातून उतरून पन्नास पावले चालायच्या ठिकाणी त्याला अख्खी आळी फिरवली जाते.

मोटार आणि मोटारसायकलचे चित्र असेल तर मोटर_व्हेइकल. ट्रकचे चित्र असेल तर एचजीव्ही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तो ३.५ टनांपेक्षा जास्त मान्य वजनाच्या मालवाहू वाहनांसाठी आहे. छोटा टेम्पो त्यात येत नाही, त्यासाठी गुड्स. पाटीवर चित्राऐवजी «मालवाहू वाहनांस प्रवेश बंद» असे शब्द असतील तर दोन्ही लावा. बस एचजीव्हीमध्ये मोडत नाही. «जड वाहने» असे लिहिलेले असेल आणि बसही अडवल्या जात असतील तर बसचा टॅग वेगळा द्यावा लागेल.

दोन्ही तोंडांना जाऊन पाहिल्याशिवाय दिशा ठरवू नका. दुसऱ्या तोंडालाही तीच पाटी असेल तर दिशेचा प्रश्नच उरत नाही. अटल सेतूवर मोटारसायकलींना दोन्ही बाजूंनी बंदी आहे, तिथे साधे मोटरसायकल=नो पुरते. जाणे-येणे वेगवेगळ्या रस्त्यांनी होत असेल तरीही फॉरवर्ड-बॅकवर्ड हे प्रत्यय नकोत. पुणे-सातारा मार्गावर खंबाटकीला जाणारी वाहने घाटाने आणि येणारी बोगद्यातून, अशी वाटणी वर्षानुवर्षे चालत आली. अशा ठिकाणी दोन वेगळ्या रेघा आणि प्रत्येकीवर वनवे=येस, विषय संपला. पुण्यातल्या शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता या एकेरी जोडीलाही तेच लागू.

प्रत्यक्ष जाता येत नसेल तर मॅपिलरी किंवा पॅनोरामॅक्स या रस्त्यांच्या छायाचित्रांच्या संकेतस्थळांवरची चित्रे चालतात. गूगलच्या रस्त्यावरच्या चित्रांतून पाट्या टिपू नका. परवाना त्याला मोकळीक देत नाही.

कितीशा लांबीला टॅग लावायचा?

खरा घोळ इथे आहे.

प्रवेश बंदची पाटी फक्त एका तोंडाला आहे आणि आत «एकेरी मार्ग»ची पाटी कुठेच नाही, असे गृहीत धरा. जर्मनीत ही परिस्थिती इतकी नेहमीची आहे की तिला «खोटा एकेरी रस्ता» अशा अर्थाचे नावच आहे: तोंडाशी २६७ क्रमांकाची प्रवेशबंदीची पाटी, पण एकेरी रस्त्याची २२० क्रमांकाची पाटी नाही. आपल्याकडे नाव नाही, पण गल्ल्या भरपूर आहेत. अशा गल्लीत आतले लोक दोन्ही दिशांनी गाडी चालवू शकतात आणि आतच गाडी वळवू शकतात. ग मधून आलेला माणूस ख कडेही जाऊ शकतो. बंदी फक्त क ची रेषा ओलांडून आत येण्याला.

म्हणून अख्ख्या क–ख रेघेवर बॅकवर्ड=नो लावणे चूक. तसे केले की ग मधून ख कडे जाणारी मोटार अडते, कारण तीही रेघेच्या उलटच चालली आहे. आतल्या घरांच्या तक्रारी बहुधा यातूनच येतात.

पाटी जिथे उभी आहे तिथे रेघ तोडा. जोसममध्ये पी ही कळ, आयडीमध्ये एक्स. क पासून पाटीपर्यंतचा छोटा तुकडा वेगळा होईल. टॅग फक्त त्यावर. तुकडा पाच-दहा मीटरचा असला तर ठीक. एक-दीड मीटरचा नको, कारण पुढचा संपादक तो अपघाताने तुटलेला समजून शेजारच्या रेघेला जोडून टाकतो. तुकड्याच्या आत कुठल्या इमारतीचे फाटक येत असेल तर तुकडा फाटकाच्या अलीकडे संपवा.

या छोट्या तुकड्यावर वनवे=येस लावला तर? बंदी सर्व वाहनांना असेल तर वागणूक तीच राहते, आणि दिशादर्शक प्रत्यय न समजणारी इंजिनेही सरळ येतात. पण नकाशावर एकेरीचा बाण उमटतो, आणि जागेवर एकेरीची पाटी न दिसल्याने कोणीतरी तो पुसतो. बंदी काही ठराविक वाहनांनाच असेल तर मात्र वनवे अजिबात नको. सर्वांना असेल तर वनवे चालवून घ्यावा, पण नोट या टॅगमध्ये कारण लिहावे.

वळणबंदीच्या रिलेशनमध्ये (कुठल्या रेघेवरून, म्हणजे फ्रॉम, कुठल्या नोडमधून, म्हणजे व्हाया, कुठल्या रेघेवर, म्हणजे टू, वळायचे नाही याची नोंद) नो_एंट्री नावाचा प्रकार आहे, ज्यात फ्रॉम एकाहून अधिक असू शकतात. तो कागदावर सुबक दिसतो, पण नो_लेफ्ट_टर्न किंवा नो_राइट_टर्नइतका त्याचा आधार सगळीकडे नाही. छोटा तुकडा अधिक भरवशाचा.

आता पाटी «रहिवाशांखेरीज प्रवेश बंद» अशी असेल तर हाच सल्ला उलटा करावा लागतो. टॅग होतो:

मोटर_व्हेइकल:बॅकवर्ड=डेस्टिनेशन

आणि तो तोंडाशी आठ मीटरवर लावून भागत नाही. ओएसआरएमसारखे इंजिन डेस्टिनेशन असलेला रस्ता प्रवासाच्या टोकाला वापरू देते, मधूनच आरपार जायला मात्र अडवते. आठ मीटरचा डेस्टिनेशन तुकडा ओलांडून पुढे खुल्या रस्त्यावरच्या घरी जाणे हे त्याच्या दृष्टीने आरपार जाणेच झाले. मग रहिवाशाला ख कडून फिरवून आणले जाते. म्हणून डेस्टिनेशन असेल तर टॅग पाटीपासून निदान ग च्या नाक्यापर्यंत, आणि पाटीचा अंमल पुढेही असेल तर तिथपर्यंत. नो आखूड, डेस्टिनेशन लांब.

टॅग आहे, दिशाही बरोबर, तरी फरक नाही

आधी विदा, म्हणजे इंजिनाकडची नकाशाची माहिती, ताजी आहे का ते पाहा. संपादन जतन झाले म्हणजे सगळीकडे पोचले असे नाही. संकेतस्थळावरची मार्ग काढणारी इंजिने स्वतःची प्रत वापरतात आणि ती मागाहून अद्ययावत होते. फोनमधल्या ऑरगॅनिक मॅप्ससारख्या ॲपांत नकाशाची नवी फाइल उतरवेपर्यंत जुनेच दिसणार. दोन दिवस थांबून मग पुढचे तपासा. घाईने दुसरा टॅग चढवणाऱ्यांनी पहिला बरोबर टॅग बिघडवल्याची उदाहरणे इतिहासाच्या पानांत हवी तितकी सापडतात.

मग त्याच रेघेवर दुसरा कुठला टॅग वरचढ ठरतोय का ते बघा. वाहनांची उतरंड अशी: ॲक्सेस, तिच्याखाली व्हेइकल, तिच्याखाली मोटर_व्हेइकल, आणि तिच्याखाली मोटरकार, मोटरसायकल, एचजीव्ही वगैरे. खालचा नेमका टॅग वरच्या सर्वसाधारण टॅगला मारतो. ओएसआरएम मोटारीसाठी मोटरकार, मोटर_व्हेइकल, व्हेइकल, ॲक्सेस या क्रमाने पाहतो, आणि प्रत्येक पायरीवर आधी फॉरवर्ड-बॅकवर्ड प्रकार, मग साधा टॅग. आता कोणी पूर्वी मोटरकार=येस लावून ठेवले असेल आणि तुम्ही मोटर_व्हेइकल:बॅकवर्ड=नो लावले, तर ओएसआरएमला पहिल्याच पायरीवर दोन्ही दिशांचे उत्तर मिळते आणि तुमचा टॅग तो वाचतही नाही. हे निरर्थक येस काढून टाका. रस्ता मोटारीला खुला आहे हे सांगायला वेगळा टॅग लागत नाही.

ग्राफहॉपर हे दुसरे इंजिन मोटारीसाठी व्हेइकल आणि मोटर_व्हेइकल यांचे दिशादर्शक प्रकार पाहते. म्हणून बंदी सर्व मोटारवाहनांना असेल तर ती मोटरकार:बॅकवर्ड, मोटरसायकल:बॅकवर्ड अशी सुटी सुटी लिहिण्यापेक्षा मोटर_व्हेइकल:बॅकवर्ड अशी एकदाच लिहावी. ती अधिक खरीही असते.

तिसरी शक्यता: एकेरी रस्ता उलट दिशेने कोणासाठी तरी उघडायचा आहे, आणि लिहिले आहे बस:बॅकवर्ड=येस किंवा बायसिकल:बॅकवर्ड=येस. यावर विसंबू नका. वनवे=येस हे वेगळे कुलूप आहे आणि त्याची किल्लीही वेगळी:

वनवे:बायसिकल=नो
वनवे:बस=नो

रिक्षा-टॅक्सीसह सर्व सार्वजनिक वाहनांना सूट असेल तर वनवे:पीएसव्ही=नो.

चौथी: पाटीचा नोड टाकला आणि काम झाले असे वाटले. ट्रॅफिक_साइनचा नोड आणि त्यावरचा डायरेक्शन=बॅकवर्ड हा पुरावा म्हणून उत्तम, पुढच्या संपादकाला कळते की बंदी कुठून आली. मार्गावर त्याचा परिणाम शून्य. बंदी रेघेवरच लागते. फाटक किंवा अडसराच्या नोडवर दिशेचे प्रत्यय लावण्याचाही मोह टाळा: नोडला स्वतःची दिशा नसते, आणि इंजिने सहसा त्या नोडवरचा प्रवेश दोन्ही बाजूंनी सारखाच धरतात. फाटकातून फक्त बाहेर पडता येत असेल तर फाटकाच्या दोन्ही अंगांचा छोटा तुकडा तोडून त्या रेघेवर टॅग लावा.

वेळेची अट जोडताना

सकाळी ८ ते ११ आणि सायंकाळी ५ ते ९ जड वाहनांना प्रवेश बंद, रविवारी सूट. शहरांत हे नेहमीचे. आपल्या गल्लीत ते असे येते:

एचजीव्ही:बॅकवर्ड:कंडिशनल=नो @ (एमओ-एसए ०८:००-११:००,१७:००-२१:००)

क्रम महत्त्वाचा: आधी वाहन, मग दिशा, आणि कंडिशनल सर्वांत शेवटी. एचजीव्ही:कंडिशनल:बॅकवर्ड हे कोणी वाचत नाही, आणि ते चुकले आहे असे कोणी ओरडतही नाही. सायंकाळचे पाच म्हणजे १७:००. ०५:०० लिहिले की पहाटेची बंदी होते. अटीत अर्धविराम येत असेल तर कंस हवाच, कारण कंसाबाहेरचा अर्धविराम नवी अट सुरू करतो. अनेक अटी एकाच वेळी लागू पडल्या तर शेवटची जिंकते, म्हणून अपवाद नेहमी शेवटी लिहा.

पाटी फक्त ठराविक वेळेची असेल तर सोबत एचजीव्ही:बॅकवर्ड=नो लावू नका. साधा टॅग म्हणजे कुठलीच अट लागू नसतानाची स्थिती. तो लावला की ट्रक दिवसरात्र बंद. ओएसआरएमच्या नेहमीच्या मोटारीच्या प्रोफाइलमध्ये (नियमसंचात) रस्त्यावरच्या वेळेच्या अटी वाचल्या जात नाहीत. व्हॅलहल्ला हे इंजिन त्या ओळखते, पण निघण्याची वेळ दिली तरच त्यांना अर्थ. म्हणून दुपारी बारा वाजता तपासले आणि बंदी दिसली नाही, म्हणजे टॅग चुकला असे नव्हे.

वेळेनुसार अख्ख्या रस्त्याची दिशाच बदलत असेल तर प्रकरण वेगळे. वॉशिंग्टनमधल्या रॉक क्रीक पार्कवेवर वर्षानुवर्षे कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीत सगळा रस्ता शहराकडे आणि संध्याकाळी शहराबाहेर अशी पद्धत चालत आली. अशा रस्त्याला कोणी वनवे=रिव्हर्सिबल लावले तर ओएसआरएम तो रस्ता मोटारीसाठी पूर्णपणे गाळून टाकतो. अरुंद पुलावर आळीपाळीने वाहने सोडतात, त्याला वनवे=अल्टरनेटिंग; तिथे ओएसआरएम रस्ता ठेवतो, थोडा दंड लावतो. दोन शब्दांची अदलाबदल झाली की आख्खा पूल नाहीसा होतो. रस्ता दिवसाचा बराच वेळ दुहेरी असेल तर रिव्हर्सिबल न लावता नुसते वनवे:कंडिशनल लिहिणे बरे.

काल चालत होते, आज बिघडले

रेघेचा इतिहास उघडा. बहुधा कोणीतरी रेघ उलटवली आहे किंवा दोन रेघा जोडल्या आहेत. रेघ उलटवली, जोसममध्ये आर आणि आयडीमध्ये व्ही, की फॉरवर्डचे बॅकवर्ड व्हायला हवे. जोसम तसे सुचवून विचारतो, आयडी न विचारता करतो. पण प्रत्यय वेगळ्याच स्पेलिंगने लिहिलेला असेल, कोणी त्याचे संक्षिप्त रूप केले असेल, तर दोन्ही संपादकांना तो ओळखू येत नाही आणि बंदी गुपचूप दुसऱ्या तोंडाला जाऊन बसते.

जोसमच्या त्याच खिडकीत दुसरा सापळा आहे. एकेरी रस्त्याची दिशा चुकली म्हणून तुम्ही रेघ उलटवता, आणि तो वनवे=येसचे वनवे=-१ (रेघेच्या उलट दिशेने एकेरी) करायला सुचवतो. ते मान्य केले की रेघ उलटली आणि अर्थही उलटला, म्हणजे वाहतूक होती तिथेच. खरोखर दिशा बदलायची असेल तर तेवढी खूण काढा. -१ मुळात टाळाच. अशा रेघेवर फॉरवर्ड म्हणजे वाहतुकीची दिशा असे लोक धरून चालतात, प्रत्यक्षात तिथे वाहने बॅकवर्डच चालत असतात.

वळणबंदीची रिलेशन रेघ उलटवल्याने बिघडत नाही, कारण तिची दिशा फ्रॉम, व्हाया, टू यांवरून ठरते. ती तोडण्या-जोडण्याने बिघडते. तोंडाशी छोटा तुकडा केलात की त्या नाक्यावरच्या जुन्या रिलेशन पाहा: फ्रॉम आणि टू सदस्य व्हाया नोडला टेकलेलेच हवेत, लांबचा तुकडा नव्हे.

तपासणी

टॅग पोचल्यावर मोटारीने चार मार्ग काढा: क ते ख, ख ते क, ग ते ख, आणि क समोरच्या मोठ्या रस्त्यावरून आतल्या एखाद्या घरापर्यंत. पहिला आणि चौथा वळसा घेऊन यायला हवेत, मधले दोन सरळ (डेस्टिनेशन असेल तर चौथाही सरळ). मग पहिलाच मार्ग पायी काढा. तो सरळ यायला हवा. नसेल तर कुठेतरी ॲक्सेस लिहिले गेले आहे.

सुरुवातीचा ठिपका गल्लीत ठेवूनही मार्ग शेजारच्या रस्त्यावरून सुरू होत असेल, तर गल्लीचे बेट झाले आहे: आत जाता येते पण बाहेर नाही, किंवा उलटे. ओएसआरएम असे छोटे सुटे तुकडे टाळून मोठ्या जाळ्याला चिकटतो, म्हणून चूक लपते. दोन्ही तोंडांचे टॅग समोरासमोर ठेवून पाहा. बहुधा दोघांनी दोन वेगवेगळ्या दिवशी दोन्ही तोंडे बंद केलेली असतात. जिओफॅब्रिकच्या ओएसएम इन्स्पेक्टर या चुका दाखवणाऱ्या साधनात मार्गांच्या थरावर अशी बेटे दिसतात, ऑस्मोसही ती दाखवते.

टॅग पाटीशी जुळतात, दिशा बरोबर, विदा ताजी, आणि तरीही एखादे इंजिन ऐकत नसेल, तर त्या इंजिनाच्या विकासकांकडे रेघेचा क्रमांक आणि दोन्ही ठिपके देऊन तक्रार नोंदवा. त्याला वळवण्यासाठी गल्लीवर खोटा वनवे चढवू नका. ज्या इंजिनांत मार्ग बरोबर येत होता, तीही त्याने चुकायला लागतील.